नेरहून चिखलदरा: दोन लेकरं, एक आजी आणि एक छोटी गाडी

नेर तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. दिवाळीनंतर दोन दिवस मोकळे आहेत. सेकंड हँड छोटी गाडी घेऊन सहा महिने झाले. पोरगी साडेचार वर्षांची, पोरगा चौदा महिन्यांचा, सोबत वहिनी आणि पासष्टीची आई. चिखलदऱ्याला जायचं आहे. मेहुण्याचं म्हणणं असं की एवढं निघताच आहात तर येताना शेगाव आणि मग समृद्धीनं लोणारही उरकून घ्या. पोरीला गाडी लागते. म्हणून त्यांनी विचारलं आहे की पहाटे तीनला निघालो तर लेकरं झोपेतच पोचतील का, आणि एकूण किती तास धरावेत?

मी दारव्ह्याचा, म्हणजे तुमचा शेजारीच. तेवीस वर्षं झाली टुरिस्ट गाडी चालवतो. शेगावची वारी, लग्नाचे वऱ्हाडी, बाळंतिणीला माहेरी पोचवणं, दिवाळीतल्या सहली, सगळं केलं. दोन लेकरं माझीही याच धंद्यात गाडीच्या मागच्या सीटवर मोठी झाली. तेव्हा सांगतो ते पुस्तकातलं नाही.

आधी तासांचं उत्तर देऊन टाकतो. नेर, नांदगाव खंडेश्वर, बडनेरा, अमरावती, वलगाव, आसेगाव, परतवाडा आणि तिथून घाट असा तुमचा रस्ता. साधारण दीडशे किलोमीटर. मी एकटा असलो तर साडेतीन तासांत वर पोचतो. तुमच्या घरच्यांना घेऊन निघालो तर साडेपाच धरीन, आणि सहा लागले तरी कुणावर चिडणार नाही. नकाशा दाखवतो ते पहिले साडेतीन तास. वरचे दोन तास लेकरांचे असतात आणि ते नकाशात येत नाहीत. तुम्ही विचारलं तासांचं, पण अडचण खरी आहे ती या दोन तासांची. ते कुठं, कसे आणि कोणत्या वेळी घालवायचे हे ठरलं की बाकी गाडी आपोआप चालते. ते नाही ठरवलं तर ते दोन तास तुमच्याकडून वसूल होतात, फक्त रडण्याच्या आणि ओकाऱ्यांच्या रूपानं.

आता मेहुण्यांचा बेत. त्यांना राग येईल, पण तो बेत पोट्ट्यांच्या आईबापाचा नाही, मित्रमंडळींचा आहे. चिखलदऱ्याहून शेगाव शंभराच्या वर किलोमीटर, तिथून लोणार पुन्हा तेवढंच, आणि लोणारहून घर. म्हणजे दुसरा अख्खा दिवस सीटवर. लोणारचं विवर पाहण्यासारखं आहेच, पावणेदोन किलोमीटर रुंदीचं, उल्का आदळून झालेलं. पण चौदा महिन्यांच्या लेकराला विवर आणि गावातला गिट्टीचा खड्डा यात फरक कळत नाही. शेगावला दिवाळीच्या सुट्यांत दर्शनाची रांग कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू. लेकरू कडेवर घेऊन दोन तास रांगेत, मग लगेच गाडीत? नको. शेगाव वेगळ्या खेपेला करा.

समृद्धीबद्दलही एक सांगतो, कारण बरेच जण समजतात की रस्ता गुळगुळीत म्हणजे लेकरांना सोपं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता, कारला ताशी १२० ची मर्यादा, आणि मधे मनाला येईल तिथं थांबायची सोय नाही. कडेला गाडी लावून पोरीला ओकारी काढू देणं तिथं जिवावरचं आहे. मागून येणाऱ्याला तुमची उभी गाडी चालती वाटते, आणि कळेपर्यंत तो येऊन पोचलेला असतो. गाडी लागणारं लेकरू आणि हवं तिथं थांबता न येणारा रस्ता, यांचं जमत नाही. मला दारव्हा-यवतमाळसारखा जुना रस्ता लेकरांसाठी जास्त आवडतो. खड्डे असतील, पण लिंबाचं झाड आणि हापसी दर पाच किलोमीटरला सापडते.

दोन दिवस म्हणजे एक मुक्काम असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की चिखलदरा पुढं ढकला किंवा सुटी एक दिवसानं वाढवा. सहा तास जायचे, सहा तास यायचे आणि मधे एक संध्याकाळ, हा हिशेब लेकरांच्या अंगावर येतो. दोन मुक्काम असतील तर बिनधास्त जा. सुटी वाढतच नसेल तर सेवाग्राम-पवनार करा. तुमच्याकडून यवतमाळ मार्गे शंभरेक किलोमीटर, घाट नाही. सेवाग्रामला १९३६ पासूनची जुनी झाडं आणि सारवलेल्या कुट्या आहेत. आवारात गाडी नाही, हॉर्न नाही. पोरगी पळत सुटली तरी कुणी ओरडत नाही, आणि आजीला सावलीत बसता येतं. येताना वर्ध्याचा गोरसपाक घ्या, प्रवासात खायला त्याच्यासारखी बिस्किटं नाहीत.

आणि चिखलदऱ्याला जायचं पक्कं असेल तर त्याआधी एका रविवारी रंगीत तालीम करा. कळंबचा चिंतामणी तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. सकाळी जा, कुंडातल्या गणपतीचं दर्शन घ्या, जेवून परत या. पोरीला किती किलोमीटरवर मळमळायला लागतं, पोरगा सीटवर किती वेळ टिकतो, आईला किती वेळानं उतरावं लागतं, हे तीन आकडे त्या एका दिवसात हाती येतात. मी नव्या कुटुंबाची गाडी लावताना पहिल्या तीस किलोमीटरमध्ये हेच बघत असतो. घरच्यांना विचारून उपयोग नसतो, सगळे म्हणतात, "आमचं लेकरू काही त्रास देत नाही."

आता पहाटे तीनचं. हा सल्ला आमच्याच धंद्यातून निघाला आहे, त्यामुळे दोष थोडा आमचाही. रस्ता रिकामा मिळतो, लेकरं झोपतात, हे खरं आहे. पण गाडी चालवणारा रोजचा ड्रायव्हर असतो तेव्हाची ती गोष्ट. तुम्ही सहा महिन्यांचे चालक, आदल्या रात्री सामान भरता भरता अकरा वाजणार, लेकरू एकदा उठणार, म्हणजे तुमची झोप तीन तास. पहाटे चार ते सहा ही वेळ डोळ्यावर झापड आणणारी. त्यात आपल्याकडे दिवाळीनंतर तुरी डोक्याएवढ्या झालेल्या असतात आणि त्यांतून रोही, म्हणजे नीलगाय, कधी रस्त्यावर उडी मारेल याचा नेम नसतो. रोही म्हणजे दोन-अडीच क्विंटलचं जनावर. रानडुक्कर निदान कळपानं येतं, एक दिसलं की पुढची येणार हे कळतं. रोही एकटा येतो आणि दिव्याकडं बघत उभा राहतो.

म्हणून माझी वेळ सांगतो. साडेसहा-सातला निघा. उजाडलेलं असतं, लेकरं अर्धवट झोपेत गाडीत बसतात आणि पहिला तास तसाच निघून जातो. सव्वाआठ-साडेआठला बडनेरा किंवा अमरावतीच्या अलीकडे थांबा, नाश्ता करा, पाऊण तास मोकळा सोडा. पुढं साडेदहाच्या आसपास परतवाडा, तिथं मोठा थांबा. अकरा-सव्वाअकराला घाट, साडेबाराच्या आत खोलीवर. जेवण, मग सगळ्यांची झोप. पहिल्या दिवशी दुपारी काहीही बघायचं नाही. परतीला सकाळी नऊच्या आत निघायचं, म्हणजे कितीही थांबे झाले तरी दिवस मावळायच्या आत घर.

दिवस मावळण्याबद्दल मी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. २०१० साल असेल, माझी पोरगी तीन वर्षांची. पाहुण्यांकडून परत येत होतो, कातरवेळ, कापसाचा हंगाम. पुढं कापसानं भरलेली ट्रॉली, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि समोरून येणाऱ्या गाडीनं डिप्पर न दिल्यानं माझे डोळे दिपलेले. दिसली तेव्हा पंधरा-वीस फूट राहिले होते. ब्रेक लागला, धडक झाली नाही. पण बायको पुढच्या सीटवर होती आणि पोरगी तिच्या मांडीवर. पोरीचं कपाळ डॅशबोर्डवर. चार टाके. आता ती कॉलेजात आहे आणि डाव्या भुवईत तेवढ्या जागेत केस नाहीत. मी तेव्हा आठ वर्षं गाडी चालवणारा, स्वतःला उस्ताद समजणारा माणूस होतो.

तेव्हापासून माझ्या गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर लेकरू घेऊन कुणी बसत नाही. भाडं गेलं तरी चालेल. आपल्याकडच्या आयांना वाटतं की आपण घट्ट धरलं म्हणजे लेकरू सुरक्षित. हिशेब करा. ताशी ५० च्या वेगानं जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं लेकरू जवळजवळ दीड क्विंटलच्या जोरानं पुढं जातं. दीड क्विंटलचं पोतं हातांनी कोण अडवणार? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांचं आसन नसेल तर हजार रुपये दंड ठेवला आहे. पण दंडाचं सोडा, तो वाचवता येतो.

तर बेबी सीट घ्या. घेणं जमत नसेल तर कुणाची मागून आणा, फक्त अपघातात सापडलेली नको. चौदा महिन्यांच्या पोराची सीट मागं तोंड करून बसवायची, त्याची पाठ ड्रायव्हरच्या बाजूला. या वयात डोकं जड आणि मान कच्ची, झटका पाठीनं झेलला तर मान वाचते. आणि अशी उलट्या तोंडाची सीट एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही नाही. पोरीसाठी पुढं तोंड केलेली, खांद्यावरून पट्टे येणारी सीट. कंपनीच्या पुस्तिकेत लेकराचं वजन किती चालतं ते लिहिलेलं असतं, वय बघू नका, वजन बघा. बसवल्यावर सीट धरून हलवा. बोटभर हलली तर ठीक, वीतभर हलली तर पट्टा पुन्हा ओढा.

इथं छोट्या गाडीची अडचण येते. मागं दोन बेबी सीट लावल्या की मधे एकच माणूस मावतो, तोही आवळून. बरेच जण आजीला मागं आणि वहिनीला पुढं बसवतात. उलटं करा. आईला पुढं बसवा, तिचे गुडघे सुटे राहतील आणि चढ-उतार सोपा पडेल. वहिनी मागं मधे, म्हणजे दोन्ही बाजूंना हात पोचतो. पोरगा सीटवर रडायला लागला तर चालत्या गाडीत काढून पाजायचं नाही, गाडी थांबवून पाजायचं. हे एक पाळलंत तर बाकी चुका माफ. आणि हो, सीटची सवय घरी आठ दिवस आधी लावा. अंगणात सीट ठेवून त्यात बसवून भात भरवा. निघायच्या दिवशी पहिल्यांदा बांधलंत तर पोट्टं नांदगाव खंडेश्वरपर्यंत कंठ फोडतं.

आता पोरीला गाडी लागते त्याचं. दोन वर्षांखाली हे फारसं दिसत नाही, त्यापुढं दहा-बारा वर्षांपर्यंत जास्त. कान सांगतो की अंग हलतंय, डोळे सांगतात की समोरची सीट जागची हलत नाही. या भांडणात पोट बिघडतं. म्हणून मोबाइल हातात देणं सगळ्यांत वाईट, चित्रांचं पुस्तकही तसंच. तिला समोरचा रस्ता दिसला पाहिजे. उंची कमी म्हणून दिसत नसेल तर निदान खिडकीतून लांबचं दिसू द्या. गाडीत टांगलेली सुगंधी कुपी निघायच्या आदल्या दिवशीच काढून टाका. मी खात्रीनं सांगतो, माझ्या गाडीत झालेल्या निम्म्या ओकाऱ्या त्या वासाच्या होत्या. काच दोन बोटं खाली ठेवा. पोट भरगच्च नको आणि रिकामंही नको. परतवाड्याला तळलेलं काही देऊ नका, कोरडी दशमी किंवा अर्धी पोळी आणि चार घोट पाणी. घाटाच्या आधी संत्रं तर अजिबात नाही. अचलपूर-परतवाड्याच्या भागात रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले असतात, आजी हमखास घेऊन देणार. घ्या, पण खोलीवर खा. साल मात्र हातात द्या, हुंगली की काही लेकरांना बरं वाटतं.

ओकारी येण्याआधी लेकरू सांगत नाही, दाखवतं. बडबड बंद होते, जांभया येतात, ओठांभोवती पांढरं पडतं. तेवढ्यात थांबलात तर वाचलात. दर पाच मिनिटांनी "मळमळतं का गं?" असं विचारू नका, विचारून विचारून आणवतात माणसं. भोक नसलेल्या चार पिशव्या, जुना टॉवेल, ओला कपडा आणि कपड्यांचा एक जोड सीटच्या खिशात ठेवा. डिक्कीत ठेवलेला जोड म्हणजे घरी ठेवलेला जोड. गोळीचं औषध तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, वजनावरून ते मात्रा सांगतील, आणि पहिली गोळी प्रवासात नाही, कळंबच्या तालमीत देऊन बघा. काही लेकरं त्यानं गुंगतात, काही उलट चेकाळतात. पोरीचं औषध लहान भावाला चुकूनही नको.

घाटाबद्दल दोन शब्द चालवणाऱ्यासाठी. घाईच करायची नाही. दुसऱ्या गिअरला चढा, वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. मागच्या सीटवरच्या पोटाला धक्का बसतो तो वळणातल्या ब्रेकचा. समोरून उतरणारी गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट असा नियम आहे. सगळे पाळतात असं नाही, तेव्हा हट्टाला पेटू नका. उतरताना ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. सारखा ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि त्या वासानं पोरीला पुन्हा मळमळेल. असा वास आला तर रुंद जागा बघून पंधरा मिनिटं उभे राहा. चाकांवर पाणी ओतू नका.

पोरीला घाटात गोष्ट सांगा. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, तो कीचकदरा, त्याचाच चिखलदरा झाला असं म्हणतात. साडेचार वर्षांच्या पोरीला हे इतकं आवडतं की ती प्रत्येक वळणावर विचारत राहते, "इथंच टाकला का?" तोवर बारा वळणं निघून जातात. त्याआधीच्या सपाट रस्त्यावर आजीकडून भुलाबाईची गाणी म्हणून घ्या. कोजागिरी नुकतीच झालेली असते, गाणी ताजी असतात. नाहीतर लाल एसटी मोजा, पांढरे बगळे मोजा, बैलजोड्या मोजा. तान्ह्या पोळ्याला जिनं लाकडी बैल मिरवला आहे तिला खरी जोडी दिसली की ती खूश.

थांबे कुठं घ्यायचे यात माझी नजर इतक्या वर्षांत तयार झाली आहे, ती शब्दांत पकडायला जातो. दीड तासाच्या पुढं लेकराला सीटवर ठेवत नाही. थांबायचं ते चहाच्या टपरीपुढं नाही, तिथं लेकरू आणि ट्रक यांच्यात चार पावलं असतात. देवळाचं आवार सगळ्यांत चांगलं, सावली, नळ आणि बसायला पार. सुटीतल्या शाळेचं मैदानही चालतं. वावरात शिरू देऊ नका. आपल्याकडच्या कित्येक विहिरींना कठडा नसतो, गवतात तोंड दिसत नाही. पावसाळ्यानंतरच्या गवतात साप-विंचूही असतात. पोरं पळणार हे धरूनच जागा निवडायची, मग त्यांच्यामागं "पळू नको" ओरडावं लागत नाही.

आणि अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर डांबर सोडून काळ्या मातीत चाक घालू नका. मी एकदा घातलं. एका पाहुण्यांच्या पोराला लघवीला लागली म्हणून घाईत गाडी पांदणीकडे वळवली. पुढचं चाक अर्धं आत गेलं, जोर दिला तसं आणखी आत. शेवटी एका शेतकऱ्यानं बैलजोडी जुंपली, पाऊण तास लागला. पाहुणे माझ्यावर संतापलेले, मी चिखलानं माखलेलो. दोन वर्षांनी तेच कुटुंब पुन्हा माझ्या गाडीत बसलं. पोराला त्या सहलीतलं फक्त एक आठवत होतं: बैलांनी गाडी ओढली. त्यानं विचारलंसुद्धा, "काका, आज पण बैल येणार का?"

स्वच्छतागृहाची गोष्ट बायकांच्या दृष्टीनं बोलायला हवी, कारण ती कुणी बोलत नाही. तुमच्या आई आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितील, रस्त्यात जावं लागू नये म्हणून. आपल्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या हेच करतात. मग घाटात चक्कर येते आणि आपण म्हणतो, घाट बाधला. निघायच्या आधीच त्यांना सांगा की दर तासा-दीड तासानं थांबणार आहोत, आणि ते पाळा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट मिळायला हवी असा नियम आहे. पेट्रोल भरलं नाही तरी विचारायला लाजू नका. पोरीसाठी छोटं प्लास्टिकचं भांडं डिक्कीत टाका. पोराच्या घाण झालेल्या लंगोटांसाठी आणि डायपरसाठी झाकणाचा डबा किंवा जाड पिशवी ठेवा. वलगावच्या पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, तोही प्रवासात, अमरावतीच्या वाटेवर. त्या पुलावरून जाणाऱ्या गाडीतून डायपर बाहेर फेकलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. फेकणारा माझ्याच गाडीतला होता. मी गाडी मागं घेतली आणि उचलायला लावला. त्या गिऱ्हाइकानं पुन्हा फोन केला नाही.

खाण्याचं फार सांगत नाही, वहिनी आणि आई ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. दशम्या, सातूचं पीठ आणि गूळ, केळी, वरच्या दिवसासाठी खिचडीचे डाळ-तांदूळ. पोराला वरचं दूध देत असाल तर बाटलीत भरून नेऊ नका, नासतं. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी आणि दुधाची पावडर वेगळी ठेवा. चालत्या गाडीत फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं दोघांनाही नाही. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा दाणा श्वासनळीत जातो आणि मागं वळून बघेपर्यंत लेकरू निळं पडतं. ओआरएसची पुडी ठेवा, पण पुडीवर किती पाण्यात टाकायची ते वाचा, मोठी पुडी एक लिटरची असते. डब्यातलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नाही. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

पोराला ताप असेल, जुलाब असतील तर जाऊ नका. हे सोपं वाटतं, पण खोलीचे पैसे भरलेले असतात आणि मन म्हणतं, गाडीत बसला की बरा होईल. बरा होत नाही. वरच्या घाटात कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. १०८ लावायचा तर रेंजमध्ये यावं लागतं, आणि मोठ्या दवाखान्यासाठी खाली अचलपूरलाच. म्हणून परतवाडा सोडायच्या आधी तीन गोष्टी: टाकी भरा, थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, आणि घरी फोन करून सांगा की घाट चढतोय.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर उंच. दिवाळीनंतर रात्री चांगलीच थंडी, आपल्या नेरच्या हिशेबानं नुसते स्वेटर भरू नका, टोपी आणि पायमोजेही भरा. खोली खालच्या मजल्यावरची मागा, गरम पाणी किती ते किती मिळतं आणि दूध गरम करून देतात का, हे फोनवरच विचारा. एका दिवसात दोन पॉइंट पुष्कळ झाले. सकाळी नऊनंतर एक, दुपारी झोप, साडेचारला दुसरा. भीमकुंड आणि देवी पॉइंट लेकरांसोबत होतात. गाविलगडला मोठं चालणं आहे, दोघांतल्या एकानं जावं, दुसऱ्यानं लेकरांजवळ थांबावं. कड्याच्या जवळ पोरीचा हात सोडायचा नाही, कठडा दिसला तरी. माकडं लेकराच्या हातातलं बिस्किट ओढून घेतात, तेव्हा पॉइंटवर खाऊ बाहेर काढूच नका. मोथा गावाच्या बाजूला स्ट्रॉबेरी होते, पण ती थंडी चांगली पडल्यावर. दिवाळीलाच मिळाली नाही तर पोरीला आधी आशा लावू नका.

बंद गाडीत लेकरू झोपलंय म्हणून सोडून चहाला जाणं, हे हिवाळ्यातही नको. ऊन असलं की दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढतं.

गाडीचं काम निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी. मेकॅनिककडून ब्रेक, कूलंट, बॅटरी बघून घ्या. सेकंड हँड घेतली म्हणता तर टायर आधीच्या मालकाचे असतील. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. सहा वर्षांच्या पुढचे असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, घाटाला नेऊ नका. आणि जॅक-पाना गाडीत आहे का, स्टेपनीत हवा आहे का, हे आज संध्याकाळीच डिक्की उघडून बघा. माझ्याकडे गाडी दाखवायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांची स्टेपनी सपाट असते.